खियार-उल-बुलूग : एका हक्काचा इतिहास आणि मुलींचे शिक्षण

किशोरावस्था ही केवळ शारीरिक अवस्था नाही. बालपण आणि विवाह यांच्यामध्ये समाज किती वर्षे मोकळी ठेवतो, यावर तिचे स्वरूप ठरते. भारतीय मुस्लिम समाजात ही वर्षे कशी वाढत गेली, याचा मागोवा 'खियार-उल-बुलूग' या तरतुदीच्या इतिहासातून घेता येतो.

खियार-उल-बुलूग म्हणजे वयात आल्यावर विवाह राखण्याचा वा नाकारण्याचा अधिकार. हनफी फिकहनुसार अल्पवयीन मुलीचा निकाह पिता वा आजोबा यांच्याखेरीज अन्य वलीने लावला असेल, तर वयात येताच तिला तो नाकारता येई. पिता-आजोबांनी लावलेल्या निकाहास ही मुभा सामान्यतः नव्हती. कुमारिकेने नकार तत्काळ द्यावयाचा. ती गप्प राहिली की हक्क संपला. बाराव्या शतकातील मर्गीनानी यांच्या 'हिदाया'तील एक मुद्दा येथे लक्षणीय आहे. निकाहाची खबरच नव्हती, ही सबब ग्राह्य. परंतु असा हक्क असतो हे ठाऊक नव्हते, ही सबब स्वतंत्र स्त्रीला चालत नाही, कारण तिला इल्म मिळवण्यास सवड असते. म्हणजेच मुलीला शिकण्याची संधी आहे, हे गृहीत धरून हा नियम उभा आहे.

१७९१ साली चार्ल्स हॅमिल्टन यांचे 'हिदाया'चे इंग्रजी भाषांतर निघाले आणि ब्रिटिश न्यायालये त्याचा आधार घेऊ लागली. नियम न्यायालयात पोहोचला. शिक्षण मात्र बहुसंख्य मुलींपर्यंत पोहोचले नव्हते. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न पुढे झाले. १८९८ मध्ये मुहम्मदी बेगम व सय्यद मुमताज अली यांनी लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वाँ' सुरू केले. १९०६ मध्ये शेख अब्दुल्ला व वहीद जहाँ बेगम यांनी अलीगढला मुलींची शाळा काढली. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. बालविवाह-प्रतिबंधक कायदा तेथे १९०४ मध्येच झाला होता. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवले. त्यास अनेक उलेमांनी विरोध केला, तर जिनांनी कायदेमंडळात पाठिंबा दिला.

१९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने खियारचा विस्तार केला. पंधराव्या वर्षापूर्वी पित्याने लावलेला निकाहही मुलीला अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी नाकारता येऊ लागला. मात्र शरीरसंबंध आलेला नसावा, अशी अट राहिली. तत्काळ बोलण्याच्या जागी विचार करण्यास काही वर्षे मिळाली आणि मौनाचा अर्थ बदलला. एका क्षणाचा बुलूग कायद्याच्या दृष्टीने एक कालखंड झाला.

हा कालखंड कायद्याने दिला, तरी तो वापरण्याचे बळ शिक्षणातूनच येते. 'हिदाया'ने अज्ञानाची सबब मुलीला नाकारली. जी मुलगी वर्गात बसते, तिला हा हक्क माहीत नसेल, तर ती सबब तिच्या शिक्षणसंस्थेलाही चालणार नाही.