लाटण्याचे लाकूड

इतिहासाची पाने तहांनी आणि लढायांनी भरलेली असतात. स्वयंपाकघरातील लाटण्याला त्यांत जागा मिळत नाही. तथापि लाटणे कोणत्या लाकडाचे असावे, या साध्या प्रश्नाचा माग काढू लागलो, म्हणजे आपण धान्याच्या बाजारात, आरमाराच्या गोदीत आणि जंगल खात्याच्या कचेरीत जाऊन पोहोचतो. आपल्या आजी-पणजींनी लाकूड पारखून घेतले खरे; परंतु त्यांच्या हाती कोणते लाकूड यावे, हे पुष्कळदा दुसऱ्यांनीच ठरविलेले होते.

आपल्याकडची रोजची भाकरी लाटण्यावाचून होत असे. तांदूळ, नाचणी, ज्वारी व बाजरी यांच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखी चिवट ताण येत नाही. म्हणून भाकरी थापावी लागते. गहू होता, पण तो सणासुदीचा. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात गव्हाच्या मांड्यांचे वर्णन आहे. आणि मांडा तर हातावरच पसरून उपड्या खापरावर टाकतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत रेशन सुरू झाले. १९५६ च्या करारान्वये अमेरिकेचा गहू येऊ लागला. पुढे हरितक्रांतीत देशातील गव्हाचे पीक १९६४-६५ मधील सुमारे १.२३ कोटी टनांवरून १९६९-७० मध्ये सुमारे २ कोटी टनांवर गेले. गहू असा रोजच्या ताटात आला, आणि कोकणातल्या भात खाणाऱ्या घरांतही लाटणे नित्याचे झाले.

आता लाकडाविषयी. लाटण्याचे लाकूड जड, घट्ट कणांचे व सरळ धाग्याचे असावे. त्यास वास, चीक वा कडवटपणा नसावा. शिसव या कसोटीस उत्तम उतरते. एका घनमीटरला तिचे वजन सुमारे ८५० किलो भरते. सागाचे सुमारे ६५०. त्यामुळे शिसवी लाटणे स्वतःच्या भारानेच पोळी पसरविते. लाटणारीने केवळ दिशा द्यावयाची. देशावर बाभूळही चालते. गाडीची चाके व तेलाचे घाणे ज्या लाकडाचे होत, ते कणकेपुढे हार खात नाही. फणस व आंबा मध्यम. सावंतवाडीचे चितारी ज्या पांगाऱ्याची सुबक खेळणी करतात, तो मात्र मऊ आणि हलका, लाटण्यास निरुपयोगी.

केवळ जात पाहून भागत नाही. लाकूड वाळताना वर्षावलयांच्या अंगाने जितके आकसते, त्याच्या निम्मेच मध्याकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. म्हणून मधल्या भेंडासकट अख्ख्या फांदीचे लाटणे केले, तर ते उभे तडकते. जाणता कातारी जाड ओंडका उभा फोडून भेंड वगळतो, बाहेरचे पांढरे लाकूड टाकतो आणि मधला पक्का तुकडा सावलीत वाळवून मगच कातावयास घेतो.

परंतु हा जाड ओंडका आणावयाचा कोठून? इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी सागादी झाडे परवानगीने तोडण्याची आज्ञा आहे; पण रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, कारण लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविली आहेत, असेही त्यात बजावले आहे. झाड अगदीच जीर्ण झाले, तर धन्यास राजी करून व मोल देऊन ते तोडावे. पुढे इंग्रजांच्या आरमाराला मलबारचा साग हवाहवासा झाला. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे उभे आहे. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव वने निर्माण झाली. मुंबई इलाख्यात साग, शिसव व चंदन ही झाडे सरकारी मानली जात. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेची गाऱ्हाणी इतकी वाढली की, १८८५ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. जहाजाला हजारो ओंडके मिळत, आणि घरासमोरच्या झाडाच्या हातभर तुकड्यासाठी गावकऱ्याने परवानगी मागावी, असा तो काळ होता.

स्वातंत्र्यानंतर कायद्याचा हेतू पालटला. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याने स्वतःच्या जमिनीवरील साग, खैर, आंबा व फणसही विनापरवाना तोडता येत नाही. २०१७ पासून शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले. या बंधनांमागे आता गोदी नाही, उरलेले रान आहे; आणि ते आपल्या नातवंडांचेही आहे, हे विसरून चालणार नाही.

मग लाटणे घ्यावे तरी कशाचे? आमचे म्हणणे इतकेच की, लाटण्यासाठी झाड पाडावे लागत नाही. जुन्या घराची तुळई, मोडक्या पलंगाचा खूर, पडलेल्या दाराची चौकट यांत पन्नास-शंभर वर्षे वाळलेले उत्तम लाकूड दडलेले असते. घर पाडताना ते चुलीत घालू नये. खिळे काढून कातारी वा सुतार यांच्याकडे न्यावे. घरावर रंग वा वाळवीचे औषध चढविले असल्यास तेवढे लाकूड मात्र वगळावे. पणजोबांच्या तुळईचे लाटणे पणतीच्या हाती आले, तर त्याहून शिसवी ते काय असावयाचे?