कच्चं गणित नेमकं कुणाचं? सातारा-सांगलीतल्या कॉलेजआधीच्या पायरीचा इतिहास

पेटची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज माझ्या पहिल्या सिनॉप्सिसची गोष्ट सांगते. ती परत आली होती. शीर्षक होतं, 'सातारा व सांगली जिल्ह्यांतील ग्रामीण विद्यार्थ्यांचा गणितातील कच्चेपणा : एक ऐतिहासिक अभ्यास'. समितीतल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "हा कच्चेपणा तुम्ही कुठल्या कागदात वाचणार आहात?" मी निकालांची टक्केवारी वगैरे काहीतरी बोलले. त्या म्हणाल्या, "तो निकाल झाला. कच्चेपणा कुठे आहे?"

मला राग आला होता. कारण खरं सांगायचं तर त्या शीर्षकात मीच होते. माझ्या वेळी दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेता यायचं. आता तो पर्याय बंद झालाय. मी तो घेतला, सुटले, आर्ट्सला गेले, इतिहासात एम.ए. केलं. मग पीएचडीच्या कोर्सवर्कला संख्याशास्त्र आलं आणि प्रमाण विचलनाच्या सूत्रापाशी गाडी अडली. शेवटी एका इंजिनिअरिंग कॉलेजात डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांसाठी गणिताचा ब्रिज कोर्स चालला होता, तिथे परवानगी काढून मागच्या बाकावर बसले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी अवयव पाडायला शिकले.

अडतं नक्की कुठे?

त्या वर्गात पहिल्याच दिवशी एक उदाहरण होतं. क्ष² − ४ ला क्ष − २ ने भागायचं. क्ष हा २ च्या अगदी जवळ गेला की उत्तर कशाच्या जवळ जातं? थेट २ ठेवला तर वर शून्य, खाली शून्य. पण वरच्या पदावलीचे अवयव (क्ष − २)(क्ष + २) असे पाडले की एक अवयव कटतो, क्ष + २ उरतं आणि उत्तर ४ येतं. माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला, "मला लिमिट जमतच नाही." त्याची वही पाहिली तर लिमिटची कल्पना त्याला बरोबर कळली होती. अडलं होतं ते अवयवांपाशी, म्हणजे शाळेतल्या बीजगणितात.

दुसरं उदाहरण बघा. दहावीत आपण क्ष² − ५क्ष + ६ = ० सोडवतो, उत्तर २ आणि ३. संपलं. कॉलेजात तीच पदावली येते आणि प्रश्न असतो की तिची किंमत ऋण कधी असते. उत्तर २ आणि ३ च्या मधल्या सगळ्या संख्या. आता उत्तर दोन आकडे नाहीत, एक पट्टा आहे. शाळेतलं बीजगणित आणि कॉलेजचं गणित यांच्यामध्ये ही अशी पायरी आहे. त्यात मराठी माध्यमातून आलेल्याला 'सहगुणक' आणि 'विवेचक' हे शब्द येत असतात, पण समोर बोर्डावर कोइफिशंट आणि डिस्क्रिमिनंट असतं. म्हणजे माहीत असलेली गोष्टही अनोळखी वाटते.

या पायरीला आज ब्रिज कोर्स म्हणतात. कोरोनानंतर २०२१ मध्ये शाळांसाठी ४५ दिवसांचा 'सेतू अभ्यासक्रम' आला, तेव्हापासून हा शब्द घरोघर झाला. त्यामुळे हे सगळं कालपरवाचं आहे असं वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

१९१९ : एकाच वर्षी दोन सुरुवाती

मागे जाऊ. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक १८५९ पासून सुरू झाली आणि त्यात अंकगणित, बीजगणित, भूमिती सुटत नसे. मॅट्रिकनंतर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला 'प्रीव्हियस' म्हणत. नावातच बघा, 'आधीचं' वर्ष. इंग्रजी आणि दुसऱ्या भाषेबरोबर तिथेही गणित असे, पुढे इतिहास-तत्त्वज्ञान घेणाऱ्यालाही. म्हणजे पूर्वतयारीची पायरी कॉलेजच्या इमारतीतच होती आणि कॉलेजचेच प्राध्यापक ती शिकवत.

आता १९१९ साल घ्या. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढलं. या संस्थेची गणिताची परंपरा मोठी. फर्ग्युसनमध्ये टिळकांनी गणित शिकवलं, ते बाहेर पडल्यावर त्या जागी धोंडो केशव कर्वे आले, पुढे रँग्लर परांजपे आले. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं अंकगणिताचं पुस्तक तर शाळाशाळांतून चाललं. या परंपरेचं कॉलेज कृष्णाकाठी आलं.

त्याच वर्षी दसऱ्याला, कराडजवळच्या काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. सांगलीतलं कॉलेज मॅट्रिक झालेल्या मुलांसाठी होतं. कालेमधली संस्था ज्यांच्या घरात मॅट्रिक शब्दही पोचला नव्हता त्यांच्यासाठी होती. दोन्ही कृष्णेच्याच खोऱ्यात, पण मधली शिडी गायब.

ती शिडी कशी बांधली गेली त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. १९३५ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल. आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, 'कमवा आणि शिका'सह. आधी राहायला जागा, मग शिकवणारा, मग हायस्कूल, मग कॉलेज. कालेपासून कॉलेजपर्यंत २८ वर्षं लागली. आपण 'पाया कच्चा' असं सहज म्हणतो. इथे पाया म्हणजे काय काय, ते सालांनिशी दिसतं.

भाऊराव स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. त्यांची एक गोष्ट साताऱ्याकडे भाषणांतून नेहमी सांगतात. कोल्हापूरला शिकत असताना गणितात मागे पडल्यामुळे त्यांना वर चढवेनात. शाहू महाराजांनी शब्द टाकला, तर हेडमास्तर म्हणाले की एक वेळ हा बसतो तो बाक वरच्या वर्गात ढकलीन, पण याला नाही. पुढे हेच भाऊराव साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. संशोधक म्हणून अशा गोष्टीचं काय करायचं? ती घडलेली घटना म्हणून सिनॉप्सिसमध्ये घालू नका. पण फेकूनही देऊ नका. गणितात अडलेल्या मुलाची गोष्ट एक शिक्षणसंस्था आपल्या संस्थापकाबद्दल अभिमानाने का सांगते, हा स्वतःच चांगला प्रश्न आहे.

पायरी सरकते

त्याच १९४७ मध्ये सांगलीत विश्रामबागला इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, पुढे १९५५ मध्ये त्याला वालचंद नाव मिळालं. १९६० मध्ये कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आलं. तिथे जायचा रस्ता कॉलेजातल्या सायन्सच्या वर्गातून, गणित घेऊनच जात होता. शाळेत अकरावीला एस.एस.सी. आणि त्यानंतर कॉलेजात प्री-डिग्री, म्हणजे आपल्याकडच्या बोलण्यात 'पी.डी.'. विद्यापीठ बदललं, आधी मुंबई, मग पुणे, १९६२ पासून शिवाजी. पण पूर्वतयारीचं वर्ष कॉलेजातच राहिलं.

मोठा बदल झाला तो १०+२+३ मुळे. नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ ला, पहिली बारावी १९७७ ला. पूर्वतयारीचं वर्ष पदवीच्या बाहेर पडलं आणि अकरावी-बारावीत गेलं. कुठे ती कॉलेजला जोडलेली, कुठे गावच्या हायस्कूललाच. आणि एक गोष्ट नकळत बदलली: पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाने गणित ठेवायचं की सोडायचं हे ठरवायचं झालं. सायन्सला बायो घेतलं की गणित सोडता येतं. कॉमर्सला गणिताऐवजी एस.पी. घेता येतं. आर्ट्सला तर प्रश्नच नाही.

इथे मला मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. जुन्या व्यवस्थेत बीजगणितात अडलेला मुलगा नापास व्हायचा. नव्या व्यवस्थेत तो पर्याय घेतो. नापासाची नोंद राहते, निकालपत्रकात, गॅझेटमध्ये. ज्याने विषयच सोडला त्याची नोंद 'पास' अशी राहते. माझी स्वतःची मार्कशीट बघा, गणितात चांगले गुण आहेत! म्हणजे १९५० च्या आणि २०१० च्या निकालांची टक्केवारी शेजारी ठेवून 'गणित सुधारलं' किंवा 'बिघडलं' असं लिहिलं, तर दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत घातल्यासारखं होईल. कच्चेपणा निकालात शोधायचा नाही. मुलांना गणितातून बाहेर पडायच्या वाटा कधी, कुठे आणि कुणासाठी तयार झाल्या, ते शोधायचं.

आता त्या वाटा पुन्हा आत वळतायत. एआयसीटीईच्या २०२१-२२ च्या नियमावलीत इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी बारावीच्या विषयांची यादी वाढवली गेली आणि वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या मुलांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग यांचे ब्रिज कोर्स द्यावेत असं म्हटलं. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या शाखेचा विषयही घेता येतो. म्हणजे ती पायरी परत कॉलेजात आली, पण वर्षाची काही आठवड्यांची होऊन. 'प्रीव्हियस'ला अख्खं वर्ष होतं, तेही शिकवायला कॉलेजचे नावाजलेले प्राध्यापक. माझ्या ब्रिज कोर्सला संध्याकाळचे दीड-दीड तास होते आणि सर तासिका तत्त्वावर.

बाहेर काय झालं?

अमेरिकेत याला डेव्हलपमेंटल अल्जिब्रा म्हणतात. कॉलेजात प्रवेश मिळतो, पण चाचणीत कमी पडलात तर आधी हा कोर्स करायचा, तोही पदवीचं क्रेडिट न मिळता. पुष्कळ मुलं तिथेच गळतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २०१३ मध्ये तीन कम्युनिटी कॉलेजांत एक प्रयोग केला. बीजगणिताच्या कोर्सला पाठवायच्या सुमारे ९०० विद्यार्थ्यांचे यादृच्छिक पद्धतीने तीन गट पाडले. नुसतं बीजगणित घेतलेल्यांपैकी ३९ टक्के पास झाले, बीजगणित आणि जोडीला मदतीचा वर्ग असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि थेट कॉलेजचं संख्याशास्त्र व मदतीचा वर्ग असलेल्यांपैकी ५६ टक्के. कॅलिफोर्नियाने तर २०१७ च्या कायद्याने अशा आधीच्या कोर्सना पाठवण्यावर मर्यादाच घातली.

यातून 'बीजगणित नकोच' असा निष्कर्ष काढू नका. वालचंदला जाणाऱ्या मुलाला अवयव आणि लिमिट लागणारच. पण माझ्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थिनीला लागत होतं ते संख्याशास्त्रापुरतं बीजगणित. मूळ मुद्दा असा की 'पूर्वतयारी' कशासाठी, हे ठरल्याशिवाय 'कच्चा' हा शब्द वापरता येत नाही.

तुमच्या कामासाठी

तुमचा विषय शिक्षणाच्या इतिहासाचा असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, सिलॅबसच्या आधी प्रवेशाचे नियम वाचा. सिलॅबस काय शिकवायचं ते सांगतो. कुणाला शिकवायचं ते नियम सांगतात.

दुसरी, वेळापत्रक आणि प्रश्नपत्रिका शोधा. आठवड्याला किती तास, कुणाचे, आणि प्रश्नात 'सोडवा' आहे की 'का ते सांगा' आहे. जुन्या कॉलेजांच्या वार्षिक अंकांतही यातलं पुष्कळ सापडतं.

तिसरी, जिल्ह्याच्या सीमा तपासा. यात मी स्वतः फसले होते. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, दक्षिणेकडच्या भागाला 'दक्षिण सातारा' म्हणत, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्याआधी सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थानं होती. त्यामुळे १९४० च्या अहवालातला 'सातारा' आणि १९६१ च्या जनगणनेतला 'सातारा' हे एकच समजून आकडे ताडले तर व्हायवाला पहिल्या पाच मिनिटांत पकडले जाल.

माझी दुसरी सिनॉप्सिस मंजूर झाली. शीर्षकातून 'कच्चेपणा' गेला आणि त्या जागी 'महाविद्यालयीन गणिताच्या पूर्वतयारीची व्यवस्था' आलं. शब्द रुक्ष आहेत, पण आता कुठला कागद काढायचा ते मला माहीत आहे.

एक काम देते. घरातल्या तीन पिढ्यांना विचारा, गणित कितवीत सुटलं आणि कुणी सोडवलं: परीक्षेने, फॉर्मवरच्या पर्यायाने, की घरच्यांनी? आजीने 'मला शाळेतूनच काढलं' असं सांगितलं तर तेही लिहून घ्या. उत्तरं सालासह वहीत उतरवा. तुमच्या सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद तिथेच मिळायची शक्यता आहे.