डिकीतला खर्ज

मोटारीच्या डिकीत मोठा सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, बसवण्याची प्रथा अमेरिकेत १९८०च्या दशकात रुजली. मोटारीत रेडिओ त्याआधी निम्म्या शतकापासून होता. शिकागोच्या गॅल्विन कंपनीचा ‘मोटोरोला’ १९३० मध्ये आला. पण डॅशबोर्डातल्या लहान स्पीकरला खर्ज झेपत नसे. खालच्या सुरासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. त्याला मोठा पडदा हवा, आणि पडद्यामागे नेमक्या मापाचा खोका.

हे माप बराच काळ सुताराच्या अंदाजावर चाले. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात स्पीकरचे गुणधर्म आणि खोक्याचे आकारमान यांचा मेळ सूत्रांत बसवला. बारा इंची स्पीकरला किती लिटरचा खोका लागेल, हे मग हौशी माणसालाही काढता येऊ लागले. या प्रथेचे खरे श्रेय या गणिताला द्यायला हवे.

बंद मोटारीचाही फायदा झाला. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे मोटारीहून जास्त. एवढ्या खालच्या सुरात आतली सगळी हवा एकदमच दाबली जाते आणि सैल होते. त्यामुळे दिवाणखान्यात बेताचा वाटणारा स्पीकर मोटारीत छाती हादरवतो.

हा खर्ज संगीताला पुरवला जपानच्या रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्राने. १९८० साली आलेल्या या यंत्राचे उत्पादन १९८३ मध्ये थांबले. त्यातल्या बास ड्रमचा ठोका एक बटण फिरवून लांबवता येई आणि तो घुमत राही. मायामीच्या संगीतकारांनी त्यावर ‘मायामी बास’ ही शैलीच उभारली. तिथल्या एल’ट्रिम या दोन मुलींच्या जोडीने १९८८ मध्ये दणदणाट करणाऱ्या मोटारींवरच गाणे काढले. मोटारीसाठी गाणी आणि गाण्यांसाठी मोटार, असे ते चक्र फिरू लागले.

बसवण्याच्या कामात अवघड भाग विजेचा. १२ व्होल्टवर १००० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात चालला, तर ८० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. दर ठोक्याला हेडलाइट मंदावतात ते त्यामुळे. म्हणून बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड तांब्याची केबल स्वतंत्र ओढतात आणि फ्यूज बॅटरीजवळच लावतात. केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश हवाच. ती घासून उघडी पडली आणि फ्यूज नसला, तर गाडी पेट घेऊ शकते. अर्थिंगसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळतात. खोका बहुधा १८ मिलिमीटर एमडीएफचा असतो, सांधे सीलंटने बुजवलेले. एवढे करूनही नंबरप्लेट खडखडतेच. तिच्यामागे फोम आणि डिकीच्या झाकणाला आतून बिटुमेनचे थर चिकटवावे लागतात.

खर्ज भिंतींना जुमानत नाही, आणि शेजाऱ्यांचा त्रास खराच होता. कॅलिफोर्नियाने ५० फुटांवर ऐकू येणाऱ्या आवाजाला बंदी घातली, फ्लोरिडाने २५ फुटांवर. धंद्याच्या आणि राजकीय प्रचाराच्या गाड्यांना मात्र फ्लोरिडाच्या कायद्यात सूट होती. हा भेद अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतो, असे ठरवून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो कायदा रद्द केला. २०२२ मध्ये राज्याने नवा कायदा लागू केला. २५ फुटांची अट त्यातही कायम आहे.