माळावरचं मारवेल

सोलापूरच्या मुलखात गवत ही राखून ठेवायची दौलत होती. पेशवाईत घोडदळाच्या वैरणीसाठी सरकारी कुरणं राखलेली असत. गावकुरणांतही दसरा झाला की विळे चालायचे, पेंढ्या बांधल्या जायच्या, गंजी रचल्या जायच्या. मंगळवेढा-सांगोल्याची खिलार जनावरं आणि धनगरांच्या दख्खनी मेंढ्या याच माळांवर पोसल्या. माझ्या आजोबांना चालता चालता गवतं ओळखता येत: पवन्या, शेडा, डोंगरी, कुसळी, मारवेल. मारवेलच्या पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं, ही खूण त्यांनीच मला दाखवली.

इंग्रजी अमलात माळाकडे बघायची नजर पालटली. 1836 च्या सुमारास शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन मोजणीची नवी पद्धत बसवली आणि ती पुढे मुंबई इलाखाभर गेली. जमिनीची प्रत आता पीक देण्याच्या ताकदीवर ठरू लागली. उथळ मुरमाचा माळ साहजिकच तळाला गेला. स्वातंत्र्यानंतरही तो ‘पडीक’च राहिला, आणि पडीक म्हटलं की झाडं लावायची, हा शिरस्ता पडला. गवतावर ग्लिरिसिडियाची झाडं उभी राहिली.

गवताला जाणणारी माणसंही होती. मुंबईच्या सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर आणि चार्ल्स मॅककॅन यांचा मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा ग्रंथ 1935 मध्ये निघाला. फादर त्याआधीच्याच वर्षी वारले होते. सत्तरच्या दशकात सोलापूरचे निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी जवळच्या नान्नज गावच्या माळढोक पक्ष्यांकडे लक्ष वेधलं आणि 1979 मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं. माळढोक उघड्या जमिनीवर एखादंच अंडं घालतो. त्याला दूरवर दिसेल असा मोकळा गवताळ माळ लागतो. ज्या जमिनीला सरकारी दप्तर पडीक म्हणत होतं, तिच्यावरच तो पक्षी जगत होता.

जुळे सोलापुरातल्या माझ्या अंगणात मी मारवेल लावलं ते या इतिहासापोटी. ठोंब एका नातेवाइकांच्या बांधावरून आणले. अभयारण्यातलं काही उपटायचं नसतं. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर हातभर अंतरानं लावले. जमीन मुरमाड ठेवली आणि शेणखत घातलं नाही. कसदार मातीत मारवेल उंच होऊन लोळतं, हलक्या जमिनीत ठेंगणं, घट्ट बेट धरतं. पावसाळा सरता सरता बोटांसारखे जांभळट तुरे येतात, थंडीत ते वाळून तांबूस होतात. मुनिया दाणे टिपायला येतात. उन्हाळ्याअखेर बुडख्याशी कापलं की पहिल्या सरीला पुन्हा फूट येते.

आमच्याकडे वर्षाला पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. तरी इथं कोवळ्या हिरवळीसाठी उन्हाळ्यात रोज नळ सोडला जातो. मारवेल एकदा रुजलं की पाण्यावाचून तग धरतं, कारण या हवेला ते सरावलेलं आहे. शाळांनी, मंगल कार्यालयांनी, नव्या वसाहतींनी कुंपणालगतची एक पट्टी जरी मारवेल-पवन्याला दिली, तरी मुलांना ही गवतं नावानिशी ओळखता येतील. ज्या गवताला नाव आहे, त्याला पडीक म्हणून नांगरून टाकायला माणूस सहजासहजी धजत नाही.