भाकरीचा हिशेब आणि कोरड्यास : दख्खनमधील आहारमापनाचा इतिहास

माणसाला जगण्यासाठी आणि कष्ट करण्यासाठी किती व कोणते अन्न लागते, हा प्रश्न आज आहारशास्त्राचा मानला जात असला, तरी दख्खनच्या पठारावर तो प्रथम ऐरणीवर आला तो दुष्काळी कामांवरील मजुरीच्या वादातून. १८७६ साली पावसाने ओढ दिल्यानंतर पुणे, सोलापूर, अहमदनगर, सातारा, कलादगी, बेळगाव आणि धारवाड या जिल्ह्यांत पिके करपली, आणि रस्ते व तलाव बांधण्याच्या सरकारी कामांवर लाखो माणसे खडी फोडण्यासाठी व माती वाहण्यासाठी गोळा झाली. या माणसांना रोज काय द्यावे, हे ठरवणे शासनाला भाग पडले, आणि एका प्रौढ शरीराची अन्नाची गरज आकड्यात मांडण्याचा या प्रदेशातील पहिला मोठा सार्वजनिक वाद त्यातून उभा राहिला.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी प्रदेशाच्या पाहणीसाठी विशेष अधिकारी म्हणून पाठवले. टेंपल यांनी १८७३-७४ च्या बिहारमधील टंचाईत सढळ हाताने धान्य वाटून मनुष्यहानी जवळजवळ होऊ दिली नव्हती. परंतु त्या खर्चाबद्दल त्यांच्यावर कडक टीका झाली होती, आणि दख्खनमध्ये व मद्रास इलाख्यात येताना काटकसरीचा आदेश त्यांच्या पाठीशी होता. त्यांनी पुरुष मजुराची रोजची मजुरी एक रत्तल, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्य अथवा त्याची किंमत आणि वर एक आणा अशी ठरवली. स्त्रिया व मुले यांचा वाटा त्याहून कमी होता. या आकड्यामागे शरीरशास्त्राचा कोणताही अभ्यास नव्हता. किती कमी दिले तर माणूस तग धरतो हे पाहण्याचा तो प्रयोग होता, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना तो नाकारण्याची मुभा नव्हती.

तरीही मुंबई इलाख्यातील मजुरांनी तो नाकारला. घटवलेल्या मजुरीवर काम करण्यापेक्षा हजारो लोक कामे सोडून गावी परतले, आणि १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून सरकारकडे दुष्काळाची वृत्ते आणि निवेदने पाठवली. त्याच सुमारास जोतीराव फुले व सत्यशोधक समाजातील त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडी येथे बालाश्रम काढून दुष्काळातील मुलांच्या जेवणाची सोय केली. उपाशी माणसाला किती अन्न द्यावे हा प्रश्न अशा रीतीने सरकारी दप्तराबाहेर येऊन सार्वजनिक चर्चेचा विषय झाला, आणि ही त्या काळातील मोठी घटना मानली पाहिजे.

वैद्यकाच्या बाजूने टेंपल यांना उत्तर दिले ते मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी. इलाख्यातील सामान्य लोक काय खातात याची पाहणी त्यांनी १८६३ मध्येच प्रसिद्ध केली होती, आणि त्या आधारावर अंगमेहनत करणाऱ्याला निदान दीड रत्तल धान्य व त्याच्या जोडीला डाळ आणि भाजी मिळाली पाहिजे, असे ते मांडत होते. शरीराची झीज भरून काढणारे नत्रयुक्त अन्न, म्हणजे आजच्या परिभाषेत प्रथिने, नुसत्या धान्यातून पुरेशी मिळत नाहीत, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. मद्रास सरकारने १८७७ मध्येच शिधा वाढवून त्यात थोडी डाळ घातली. पण तोवर फार उशीर झाला होता. १८७६ ते १८७८ या काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मरण पावली.

आजच्या मापाने त्या एका रत्तलाचा हिशेब करणे शक्य आहे. अन्नातून मिळणारी ऊर्जा किलोकॅलरीत मोजतात. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी, आणि आहाराच्या चर्चेत तिलाच सरसकट कॅलरी म्हणण्याची रूढी आहे. ४५० ग्रॅम ज्वारीतून साधारणपणे १५०० ते १६०० कॅलरी मिळतात. माणूस नुसता स्वस्थ पडून राहिला, तरी हृदयाचे ठोके, श्वासोच्छ्वास आणि शरीराची ऊब यांसाठी ऊर्जा खर्च होतच असते. या खर्चाला मूलभूत चयापचय म्हणतात, आणि प्रौढ पुरुषात तो तेराशे ते पंधराशे कॅलरींच्या घरात जातो. म्हणजे दिवसभर उन्हात खडी फोडण्यासाठी त्या रत्तलातून जवळजवळ काहीच शिल्लक राहत नव्हते, आणि उरलेली ऊर्जा शरीर स्वतःचे स्नायू जाळून मिळवत होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची अलीकडची कोष्टके जड काम करणाऱ्या पुरुषाची गरज साडेतीन हजार कॅलरींच्या आसपास धरतात.

परंतु ऊर्जेची तूट हा या शिध्याचा एकच दोष नव्हता. दख्खनच्या शेतकऱ्याचे जेवण कधीही नुसत्या भाकरीचे नव्हते. भाकरीबरोबर कोरड्यास, म्हणजे तूर, मटकी किंवा हुलग्याची आमटी, अंबाडी, चुका, तांदुळजा यांसारखी पालेभाजी, असेल तेव्हा ताक, आणि करडई, जवस वा तीळ यांचे तेल अथवा चटणी, असा त्याचा घाट होता. या घाटाला शास्त्रीय अर्थ आहे. प्रथिने ही अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांची बनलेली असतात, आणि त्यांतील काही घटक शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ज्वारीत व बाजरीत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. उलट डाळीत मेथिओनीन कमी असते, ते धान्यातून मिळते. त्यामुळे भाकरी आणि आमटी एकत्र खाल्ली असता एकीची उणीव दुसरी भरून काढते. पालेभाजी लोह आणि अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक पुरवते, ताक चुना, म्हणजे कॅल्शियम, देते, आणि तेल त्या पूर्वघटकाचे शोषण सुलभ करते. दुष्काळात घरातून सर्वांत आधी नाहीसे होते ते हेच कोरड्यास, आणि सरकारी हिशेबातही मोजली गेली ती भाकरीच.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला आणि मदतीचे दर नियमबद्ध झाले. मात्र धान्याच्या वजनापलीकडे पाहण्याची दृष्टी प्रयोगशाळांतून यायला आणखी काही दशके जावी लागली. जावा बेटात ख्रिस्तियान आइकमन यांनी कोंडा काढून पांढरा केलेला तांदूळ आणि बेरीबेरी हा मज्जातंतूंचा रोग यांचा संबंध दाखवला, १९१२ मध्ये कॅसिमिर फंक यांनी अशा अदृश्य पण आवश्यक घटकांना एक सामाईक नाव दिले, आणि जीवनसत्त्वांची कल्पना रुजली. भारतात १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे बेरीबेरीच्या संशोधनासाठी एक लहानसा कक्ष सुरू केला. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था हे त्याचेच वाढलेले रूप होय.

मॅकॅरिसन यांचा गाजलेला प्रयोग महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्यांनी उंदरांच्या गटांना शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी लोकांच्या रूढ आहारांवर वाढवले, आणि वाढ व प्रकृती यांत शिखांच्या आहारावरील उंदीर पहिले, तर मद्रासी आहारावरील शेवटचे ठरले. मराठा आहार पठाणांच्या पाठोपाठ आला. लोकांची अशी वंशवार विभागणी करणे हा वसाहतकाळातील लष्करी विचाराचा ठसा होता, आणि एखाद्या समाजाचा एकच आहार मानण्यात गरीब-श्रीमंतांमधील अंतर पुसले जात होते, हे नोंदवले पाहिजे. तरीही निष्कर्ष त्या विचाराच्या विरोधात जाणारा होता : एकाच जातीचे उंदीर केवळ ताटातील फरकामुळे सुदृढ अथवा दुबळे होत होते, आणि फरक पाडणाऱ्या गोष्टी म्हणजे अख्खे धान्य, दूध, डाळ आणि ताजी भाजी.

पुढे वॉलेस अॅक्रॉइड यांच्या नेतृत्वाखाली कुन्नूरच्या प्रयोगशाळेने भारतीय खाद्यपदार्थांचे पोषणमूल्य सांगणारी कोष्टके १९३७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि अॅक्रॉइड यांच्यानंतर विनायक नारायण पटवर्धन यांनी संस्थेची धुरा वाहिली. संस्था हैदराबादला गेल्यावर ज्वारीच्या प्रदेशाशी तिचा थेट संबंध आला. हातापायांच्या उघड्या भागावर काळपट चट्टे, जुलाब आणि मानसिक दौर्बल्य ही लक्षणे असलेला पेलाग्रा हा रोग जगात इतरत्र मक्यावर जगणाऱ्यांत दिसत असे आणि नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी जोडला जात असे. दख्खनमध्ये तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत आढळला. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मांडले की, ज्वारीतील ल्यूसीन या अमिनो आम्लाचे अधिक प्रमाण नायसिनच्या उपयोगात अडथळा आणते. हे स्पष्टीकरण पुढे वादाचे राहिले. परंतु हा रोग ज्यांच्या ताटात ज्वारीशिवाय दुसरे फारसे काही नसे त्यांचाच होता, याविषयी वाद नव्हता. दोष धान्याचा कमी आणि त्याच्या एकटेपणाचा अधिक होता.

स्वातंत्र्यानंतर आहारमापनाचा वाद पुन्हा पुण्यात आला. १९७१ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील अभ्यासात दरडोई रोज २२५० कॅलरी मिळतील इतका खर्च ही किमान पातळी मानली, आणि तेव्हापासून दारिद्र्यरेषा व कॅलरी यांची सांगड घट्ट झाली. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहिलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या सरासरीवर आक्षेप घेतला. एकाच माणसाची गरज दिवसागणिक व आठवड्यागणिक बदलते आणि शरीर एका मर्यादेत कमी ऊर्जेशी जुळवून घेते, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. संख्याशास्त्र म्हणून हा आक्षेप भक्कम होता. परंतु जुळवून घेणे म्हणजे काय, हे श्रमिकाच्या शरीराला विचारले पाहिजे; कमी वाढ, कमी वजन आणि कमी काम या रूपात शरीर त्याची किंमत देत असते, हा दांडेकर आणि गोपालन यांच्या बाजूचा मुद्दा अधिक ग्राह्य वाटतो. प्रथिनांच्या बाबतीत मात्र सुखात्मे यांनी मोठी स्पष्टता आणली : धान्य आणि डाळीचा नेहमीचा आहार पोटभर मिळाला तर प्रथिनांची गरज बहुधा भागते, आणि तुटवडा खरा असतो तो एकूण अन्नाचाच, हे त्यांनी आग्रहाने सांगितले.

याच काळात १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख लोक होते, अमेरिकेतून आलेली मिलो ही तांबडी ज्वारी रेशनवर मिळत होती, आणि कामांवर सुकडी हा पोषक खाऊ वाटला जात होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायदा बनली. मजुरीबरोबर पोषणाचाही विचार सरकारी कामाच्या जागी पोहोचला, हा शंभर वर्षांतील खरा पालट होता.

हिशेब मात्र अजून धान्यापाशीच अडलेला आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. त्यात डाळ नाही, तेल नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या ताटात २५० ग्रॅम तृणधान्याबरोबर ८५ ग्रॅम डाळ अथवा मांस-अंडी, ४०० ग्रॅम भाज्या आणि ३०० मिलिलिटर दूध सांगितले आहे. तमिळनाडूत रेशनवर तूरडाळ आणि खाद्यतेल सवलतीने मिळते. महाराष्ट्रात २०२२ पासून दिलेला ‘आनंदाचा शिधा’ सणापुरता राहिला. तूर, हरभरा, करडई आणि भुईमूग पिकवणाऱ्या या राज्याने दर महिन्याच्या शिध्यात धान्याबरोबर डाळ आणि तेल कायद्याने समाविष्ट करावे.