भिंतीवरची जोडी : लक्ष्मी आणि सरस्वती

महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या माजघरात दाराच्या दोन्ही अंगांना एकाच मापाच्या दोन तसबिरी टांगलेल्या असत. एकीत कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आणि तिच्याकडे सोंडेत माळ धरून आलेला हत्ती. दुसरीत शिळेवर बसून वीणा वाजविणारी सरस्वती आणि तिच्याजवळ मोर. ही जोडी इतकी ओळखीची झाली, की या देवता पूर्वापार अशाच दिसत असाव्यात असे पुढच्या पिढ्यांनी गृहीत धरले. वास्तविक हे रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आहे. ते साकारले राजा रविवर्मा यांच्या कुंचल्याने, आणि घरोघरी पोहोचले ते मुंबईतील एका छापखान्यामुळे.

भारतीय परंपरेत या दोघींचे सख्य मानलेले नाही. जिथे विद्या तिथे पैसा नाही, जिथे पैसा तिथे विद्या नाही, ही समजूत फार जुनी. कालिदासाने 'विक्रमोर्वशीय' नाटकाचा शेवट करताना, परस्परांशी विरोध असलेल्या श्री आणि सरस्वती यांचा दुर्मीळ संगम सज्जनांच्या कल्याणासाठी घडो, अशी इच्छा व्यक्त केली आहे. नाटककाराला जे मागणे म्हणून मागावे लागले, ते पुढे दोन खिळ्यांच्या आधाराने भिंतीवर अवतरले.

याला काळही अनुकूल होता. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि पुढील तीन-चार दशकांत शिक्षणाच्या बळावर नोकरी आणि नोकरीतून दरमहा पगार मिळविणारा वर्ग तयार झाला. वकील, मामलेदार, शिक्षक, कारकून यांच्या घरी सरस्वतीच लक्ष्मीला घेऊन येत होती. त्यांच्या भिंतीवर दोघी शेजारी याव्यात, यात नवल नाही.

रविवर्मा यांचा जन्म १८४८ मध्ये त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. राजेरजवाडे त्यांचे आश्रयदाते होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून पौराणिक विषयांवरील चौदा चित्रांची मालिका करवून घेतली. मात्र तैलचित्र एकाच्याच मालकीचे असते. बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी १८८४ मध्ये त्यांना पत्रातून सुचविले, की दोन हातांनी एवढी मागणी पुरी होणे शक्य नाही. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढवाव्यात, त्याने कीर्तीही वाढेल आणि देशाची सेवाही घडेल. चित्रकाराने सल्ला मानला, पण चित्रे युरोपात न पाठविता यंत्रे आणि जर्मन कारागीर इकडे आणविले. १८९४ मध्ये गिरगावात छापखाना सुरू झाला आणि 'शकुंतलाजन्म' हे त्यातून बाहेर पडलेले पहिले चित्र ठरले.

हे काम कष्टाचे होते. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या जड शिळेवर तेलकट शाईने आकृती काढावयाची. पाण्याने भिजविलेल्या शिळेवर रंग फक्त त्या तेलकट भागाला चिकटतो. प्रत्येक रंगासाठी शिळा वेगळी, आणि तोच कागद एकामागून एक सर्व शिळांवरून जावयाचा. कागद केसभर सरकला तरी देवीचा डोळा गालावर यावयाचा! अखेरीस वरून रोगण चढवून तैलचित्राची झळाळी आणली जाई. पुष्कळ गृहिणींना तेवढ्यानेही समाधान नसे. त्या देवीच्या साडीवर जर आणि टिकल्या शिवून मगच चित्र काचेमागे जाऊ देत. अशा सजविलेल्या प्रती आज संग्राहक मोठ्या हौसेने जपतात.

टांगण्याचीही रीत होती. तसबीर छताजवळ, उंचावर लावीत आणि वरची कड दोरीने पुढे झुकती ठेवीत. आजच्या दिवाणखान्याच्या दृष्टीने हे विचित्र वाटेल. परंतु घरातील माणसे जमिनीवर, पाटावर वा जाजमावर बसत. खाली बसलेल्याची नजर वर जावी आणि देवीची दृष्टी त्याच्याकडे उतरावी, ही सोय त्या कलत्या चौकटीत होती. काचेवरची चकाकीही त्यामुळे कमी होई.

या तसबिरींचे खरे मोल मात्र देवळाच्या दाराशी कळते. अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरप्रवेश नव्हता. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला, आणि तेव्हाही दार उघडले नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून छापील देवता बाजारात होती. तिच्यापुढे हात जोडण्यास पुजाऱ्याची परवानगी लागत नसे, आणि विकत घेणाऱ्याची जात विचारण्याचे छापखान्याला कारण नव्हते. जातिभेद यामुळे हटला असे कोणी म्हणणार नाही, पण दर्शनावरील मक्तेदारीला तडा गेला, एवढे निश्चित.

आनंद कुमारस्वामींसारख्या कलासमीक्षकांना रविवर्म्यांच्या देवता नाटकी आणि पाश्चात्त्य वळणाच्या वाटल्या. आक्षेपात तथ्य होते. देव्यांचा उभा राहण्याचा थाट रंगभूमीवरचाच आहे. पण ज्या घरात ती जोडी लागली होती, तिथे हा वाद पोहोचला नाही.

छापखान्याच्या मालकावर लक्ष्मी मात्र प्रसन्न झाली नाही. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, व्यवसाय विस्कटला. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. कर्ज वाढतच गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. १९०६ मध्ये रविवर्मा निवर्तले. चित्रे मात्र छापली जात राहिली. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि बहुतेक साहित्य नष्ट झाले.

तोवर जोडीचे रूपही पालटले होते. दिनदर्शिकांच्या काळात दोघींच्या मध्ये गणपती येऊन बसला आणि तिघांची एकच तसबीर झाली. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला वह्यांशेजारी मांडतात, ती हीच. दोन खिळ्यांऐवजी आता एकच खिळा पुरतो.