गिरणगाव कोणी बदललं?

लोअर परळच्या फिनिक्स मॉलमधली चिमणी फोटोत छान येते. ती कापडगिरणीची आहे. मुंबईतली पहिली गिरणी १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला स्थापली. पुढे गिरणगावाच्या चाळींत कोकणी, घाटी, तेलंगणातले पद्मशाली, उत्तरेकडचे विणकर शेजारी झाले. एकाच खोलीत पाळीपाळीने माणसं झोपायची आणि खानावळवाल्या बाईकडे जेवायची.

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप विरत गेला, गिरण्या बंद पडू लागल्या. १९९१ च्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने तिचे तीन वाटे व्हायचे : मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला : वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची. गिरण्यांच्या आवारात अशी जमीन थोडीच होती. साहजिकच मैदानं आणि घरं यांचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल मान्य केला.

‘काळ बदलला’ असं आपण सहज म्हणतो. इथे मात्र बदलाची तारीख सांगता येते, सरकारी कागदही दाखवता येतो. चिमणी जपली गेली. तिच्याखाली राबलेल्यांच्या वारसांपैकी अनेकजण अजून घराच्या सोडतीची वाट बघतायत.